साठ कपांचे घर

“हेही गेलं का?” मुलाने दारातूनच विचारले.

बॉयलरबाईने मान वर केली नाही. कॉफीचे यंत्र तिने जुन्या वर्तमानपत्रावर पालथे घातले होते आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून ती त्याच्या पोटात डोकावत होती.

“थर्मोस्टॅट जळलाय,” ती म्हणाली. “सुटा असता तर मी आत्ता बदलला असता. पण या शहाण्यांनी तो आतच चिकटवून टाकलाय. नखाएवढा तुकडा गेला म्हणून आख्खं यंत्र भंगारात.”

“दीड वर्षात हे दुसरं, आई.”

“मोजलंस, बरं केलंस.”

मुलगा खुर्ची ओढून बसला. खिशातून त्याने एक गुळगुळीत कागद काढला आणि तिच्यासमोर उलगडला. कागदावर लाल रंगाचे, मुठीएवढे एक यंत्र होते. “हे बघ. एका माणसापुरतं. डबी टाकायची, बटण दाबायचं, एक कप कॉफी तयार. मी आणि तुझ्या सुनेनं मिळून तुला द्यायचं ठरवलंय.”

“एक कप मला पुरेल. बाकीचे एकोणसाठ कुठनं काढू?”

त्याने कागदाची घडी घातली. खरी अडचण त्या एकोणसाठ कपांचीच होती, पण ते तोंडातून निघत नव्हते. शेवटी म्हणाला, “पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात.”

“पाण्यात तू आहेस,” तिने स्क्रू एकेक करून बशीत टाकले. “मी काठावर राहते.”

काठावर हे खरेच होते. गल्लीच्या एका बाजूला तिच्या दोन खोल्या आणि दारापुढच्या चार दगडी पायऱ्या. समोर हॉस्पिटलचे मागचे फाटक. त्या हॉस्पिटलच्या धुलाई विभागात तिने एकतीस वर्षे बॉयलर सांभाळला होता. वाफ कमी पडली तर चादरी निर्जंतुक होत नाहीत, जास्त झाली तर माणसे भाजतात. या दोहोंच्या मधल्या काट्यावर तिचे आयुष्य गेले. बाईमाणूस बॉयलरवर म्हणून कोणीतरी थट्टेने ‘बॉयलरबाई’ म्हटले. थट्टा करणारे केव्हाच निवृत्त झाले, नाव राहिले. मुलगा त्याच हॉस्पिटलात, पण वर, काचेच्या केबिनमध्ये रुग्णांच्या नोंदी ठेवायच्या कामाला होता. दोन गल्ल्या सोडून बायकोबरोबर राहत होता आणि अधूनमधून आईकडे डोकावत होता.

तीन वर्षांपूर्वी हॉस्पिटलने नातेवाइकांची बसायची खोली मोडून तिथे तपासणीचे मोठे यंत्र आणले. अतिदक्षता विभागातल्या पेशंटांची माणसे तेव्हापासून मागच्या फाटकापाशी उभी राहू लागली. डॉक्टर सकाळी सातच्या सुमारास फाटकाशी येत आणि ज्याचे त्याला सांगत. जो हजर नसेल त्याला दुसऱ्या दिवसापर्यंत काही कळत नसे. म्हणून लोक साडेपाचपासूनच येऊन थांबत. एकदा थंडीत तिने एक माणूस पाहिला. हातात बायकांच्या चपलांचा जोड, आणि तो जोड खाली ठेवायलाही तयार नव्हता. तिने त्याला पायरीवर बसवले आणि आपला कप त्याच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी तिघे बसले. मग तिने मोजणे सोडून दिले, मोजायला मुलगा होताच.

“मी येतो तुझ्याबरोबर दुकानात,” तो उठत म्हणाला. “पण निदान बघ तरी ते लाल.”

“बघते की. बघायला काय जातं.”

दुकानात कॉफीच्या यंत्रांची एक आख्खी भिंत होती. विक्रेता नम्र होता, टाय नीट बांधलेला.

“घरात माणसं किती, मॅडम?”

“एक.”

“आणि दिवसाला कप किती?”

“साठ. सुट्टीच्या दिवशी जरा जास्त.”

विक्रेत्याने मुलाकडे पाहिले. मुलगा शेजारच्या फ्रीजचे दार उघडून आत काय आहे ते लक्षपूर्वक बघू लागला.

विक्रेत्याने सगळ्यात वरचे यंत्र उतरवले. त्याला छोटा पडदा होता, निळे दिवे होते. “हे फोनवरनं चालू होतं. तुम्ही अंथरुणात असतानाच कॉफी तयार.”

“मी अंथरुणात असले तर ती ओतायची कोणी?” तिने ते उलटे केले. बुडाला सगळीकडून सलग प्लास्टिक. “हे उघडतं कुठनं?”

“उघडायची वेळच येत नाही.”

“असं म्हणणाऱ्यांची यंत्रं उघडूनच मी म्हातारी झाले.” तिने ते परत त्याच्या हातात दिले. “आपल्याकडचं पाणी जड आहे. वर्ष-सहा महिन्यांत एलिमेंटवर क्षाराचा थर बसतोच. तो काढायला हात आत जायला नको?”

दुसऱ्याचे झाकण नाजूक होते. तिने ते चार वेळा उघडून मिटले आणि बिजागरी लटलट हलते हे विक्रेत्याला दाखवले. तिसरे दणकट होते, पण काचेचा जग तापत्या पाटीवर ठेवायचा होता. “ही पाटी सकाळभर चालू राहणार. कॉफी करपणार, आणि खालची वायरिंगही.” चौथ्याला तिने हातच लावला नाही. मुलाने हळूच लाल यंत्र पुढे केले. तिने ते तळहातावर तोलले, “वजनाला पाखरू आहे,” म्हणाली, आणि होते तिथे ठेवले.

मग ती सरळ खाली वाकली. तळच्या फळीवर, कोपऱ्यात, एक चौकोनी स्टीलचे यंत्र धूळ खात पडले होते. त्याला घड्याळ नव्हते, पडदा नव्हता. एकच खटक्याचे बटण.

“त्यात काही विशेष नाही, मॅडम,” विक्रेता प्रामाणिकपणे म्हणाला. “कोणी विचारतसुद्धा नाही त्याला.”

“मलाही कोणी विचारत नव्हतं.” तिने पिशवीतून स्वतःचा स्क्रूड्रायव्हर काढला. विक्रेत्याचा हात पुढे आला आणि तिच्या तोंडाकडे बघून मागे गेला. चार साधे स्क्रू. बूड निघाले. आत एलिमेंट दोन नटांवर बसवलेले, थर्मोस्टॅट वेगळा, वॉशर कुठल्याही दुकानात मिळेल असा. खाली तापती पाटी नाही. कॉफी थेट स्टीलच्या थर्मास जगमध्ये उतरायची. ती बराच वेळ आत बघत राहिली, ओळखीच्या माणसाच्या घरात आल्यासारखी.

“सलग पाच जग काढले तर?”

विक्रेत्याने माहितीपुस्तक चाळले. “दर दोन जगांनंतर दहा मिनिटं विश्रांती द्या, असं लिहिलंय.”

“यानं खरं लिहिलं तरी. मग एक जग जादा दे. हे विश्रांती घेईल तेव्हा तो ओतत राहीन. आणि एलिमेंट, थर्मोस्टॅट, वॉशर, तिन्ही एकेक यंत्राबरोबरच हवेत. नंतर मागवतो म्हणू नकोस.”

तो गोदामाला फोन लावायला गेला. तोवर तिने बूड परत बसवून, नुसते पाणी घालून यंत्र चालू केले आणि तळहात त्याच्या पाठीवर टेकून डोळे मिटले. मुलगा बघत राहिला. लहानपणी शाळा सुटल्यावर तो डबा खायला बॉयलरच्या खोलीत जायचा, तेव्हा ती अशीच पाइपावर हात ठेवून उभी असायची. बोलू नकोस, म्हणायची, ते सांगतंय काहीतरी.

“चालेल,” तिने डोळे उघडले. “हेच.”

घरी येताना खोके मुलाने उचलले. अर्ध्या वाटेत तो म्हणाला, “ऑफिसात मला विचारतात.”

“मग काय सांगतोस?”

“आई ऐकत नाही, असं सांगतो.”

“खोटं तर नाही ना सांगत. मग झालं.”

यंत्र चांगले निघाले. रविवारी ती ते खोलून व्हिनेगरच्या पाण्याने धुवायची, सुकवायची, जोडायची. पायऱ्यांवरची माणसे बदलत होती. काही महिनाभर दिसत, काही एकच सकाळ. कोणी जाताना न विचारता कॉफीच्या पुडीचे एखादे पाकीट खिडकीत ठेवून जाई. कोणीतरी त्या गर्दीचा फोटो काढला आणि तो भरपूर लोकांच्या फोनवर फिरला. खाली लिहिले होते: हॉस्पिटलला जे सुचले नाही ते.

चौथ्या दिवशी हॉस्पिटलचे व्यवस्थापक स्वतः आले. पायऱ्या चढताना त्यांना बसलेल्या माणसांमधून वाट काढावी लागली. तिने त्यांना खुर्ची दिली, कप दिला. त्यांनी कप हातात धरून ठेवला.

“तुमची भावना मी समजू शकतो, बाई. पण मागच्या फाटकाशी गर्दी होते. ॲम्ब्युलन्सला अडचण होऊ शकते.”

“ॲम्ब्युलन्स पुढच्या फाटकानं येते. एकतीस वर्षं बघतेय.”

“लोकांचा गैरसमज होतो. जणू आम्ही काही करतच नाही.”

“आत वीस माणसांना बसायला जागा करा आणि पाण्याचा नळ द्या. त्या दिवशी मी हे यंत्र बंद करते. लिहून हवं तर लिहून देते.”

“आता ते शक्य नाही. जागा नाही.”

“माझ्याकडे आहे. चार पायऱ्या.”

व्यवस्थापकांनी कप टेबलावर ठेवला. त्यांचा आवाज आणखी मऊ झाला. “तुमचा मुलगा आमच्याकडे आहे. चांगला माणूस आहे. त्याचाही विचार करा.”

“तो तुमच्याकडे कामाला आहे,” ती म्हणाली. “ओलीस नाही ठेवलेला मी.”

ते गेले. भरलेला कप तिने मोरीत ओतला, कप विसळला आणि पुढचा जग लावला.

पंधरा दिवसांनी, सकाळी साडेपाचलाच दार वाजले. बाहेर मुलगा उभा होता, कामाच्या कपड्यांत, हातात डबा.

“इतक्या लवकर?”

“पावणेसहाची बस आहे.” तो आत आला, उभाच राहिला. “शहराबाहेरच्या गोदामात घातलंय मला. औषधांचे खोके मोजायचे. सोमवारपासून जातोय.”

“आज गुरुवार.”

“हो.”

तिला समजायला वेळ लागला नाही. बारा वर्षे केबिनमध्ये बसलेला माणूस, आता जाऊन-येऊन तीन तास बसमध्ये. तीन दिवस त्याने तिला हे सांगितले नव्हते. ती यंत्राकडे गेली. पहिला जग अर्धा भरला होता. तिने खटका बंद केला आणि वायर भिंतीतून उपटली.

“आई, काय करतेयस?”

“माझ्या हट्टापायी तू का भोगायचंस? त्यांना सांग, म्हातारीनं बंद केलं. परत घेतील तुला.”

मुलगा जवळ आला. त्याचे केस कानांपाशी पांढरे झाले होते, हे तिला पहिल्यांदाच दिसले.

“व्यवस्थापकांनी मला त्यांच्या केबिनमध्ये बोलावलं,” तो म्हणाला. “आईला समजवा, नाहीतर बदली, असं स्पष्ट म्हणाले. मी म्हटलं, बदलीचा कागद द्या.”

“तू म्हटलंस?”

“मलाही नवल वाटलं.” त्याने वाकून वायर उचलली. “आता तू बंद केलंस तर माझी बदली फुकट जाईल. आजवर मी तुला लाल यंत्रच दाखवत आलो. एकदा काहीतरी बोललो मी, तर तेवढं तरी राहू दे.”

त्याने वायर भिंतीत खोचली. खटका दाबला. यंत्र खाकरले आणि पुन्हा गुरगुरायला लागले. सुनेने दिलेला डबा त्याच्या हातातून घेऊन तिने तो उगाचच पिशवीत नीट ठेवला.

तेव्हापासून पहिला जग साडेपाचच्या ठोक्याला तयार असे. पायऱ्यांवर त्या वेळी दोन-तीनच माणसे असत. मुलगा त्यांच्याबरोबर बाहेरच उभा राहून कप संपवायचा. आत बसलो तर उठवत नाही, म्हणायचा.

एका सकाळी खालच्या पायरीवर शाल लपेटलेली एक बाई बसली होती. रात्री भावाला आत नेले होते, तेव्हापासून तिला कोणी काही सांगितले नव्हते. बॉयलरबाईने तिला कप दिला, मुलाला कप दिला आणि दुसरा जग भरायला दारात वळली.

“तुमचं कोण आहे आत?” त्या बाईने मुलाला विचारले.

मुलाने फाटकापलीकडच्या काचेच्या खिडक्यांकडे पाहिले. वरच्या मजल्यावर एकीत दिवा लागलेला होता.

“कोणी नाही,” तो म्हणाला. “मीच होतो. सुटलो.”

“बरं झालं बाई,” ती मनापासून म्हणाली. “घरच्यांना किती हायसं वाटलं असेल.”

बॉयलरबाई दारात तशीच थांबली. मग तिने येऊन न विचारता त्याचा कप पुन्हा भरला. कोपऱ्यावर बसचे दिवे दिसले. तो उभ्या उभ्या, भाजत, घाईघाईने प्याला, रिकामा कप तिच्या हातात दिला आणि बसच्या दिशेने चालू लागला.