अनसूयेची पायरी

गोडदेवच्या तळेश्वराला जायचं तर आता दोन इमारतींमधल्या बोळातून जावं लागतं. वर कपडे वाळत असतात, खाली रिक्षा उभ्या असतात. बोळ संपला की समोर तळं, आणि काठावर देऊळ. खांब आठ-नऊशे वर्षांचे, शिखर मात्र सन दोन हजार सहामधलं, गुलाबी ऑइलपेंटचं. मीरा रोडची, बेव्हर्ली पार्कची माणसं रविवारी पोराबाळांना घेऊन येतात. त्यांना देवळाचा इतिहास सांगायचं काम बाबाजीचं.

बाबाजी पोस्टात कारकून आणि शिखर झालं तेव्हा देवस्थान समितीचा चिटणीस. इतिहास सांगताना त्याची छाती फुगायची. देऊळ कधीतरी मोडलं, दगड तळ्यात गेले, कित्येक पिढ्या तिथे नुसता चिखल होता. मग शंभर वर्षांपूर्वी मिठागरावर डोक्यावरून मीठ वाहणाऱ्या अनसूयेच्या पायाला पाण्यात पिंडी लागली. ऐन विशीत विधवा झालेली बाई. तिने गावाला हाका मारल्या, कोणी आलं नाही. चार बायका जमवून तिने सात उन्हाळे दगड काढले आणि देव उभा केला. तिचं नाव पहिल्या पायरीवर कोरलेलं आहे. ही अनसूया बाबाजीची पणजी.

हे सगळं बाबाजीला ठाऊक होतं, एवढं लक्षात ठेवा. अज्ञानाची सबब त्याला नाही.

जीर्णोद्धाराच्या सोहळ्याला तीन दिवस उरले होते. बाबाजीची आई गोदूबाई ओट्याशी बसून चिंचेने तांब्याचा लोटा घासत होती. नवरा गेल्याला तिला तीस वर्षं झाली. या तीस वर्षांत, पुन्हा पडक्या झालेल्या देवळातली वटवाघळांची घाण तिनेच काढली, दिवा तिनेच लावला. देऊळ पडकं होतं तोवर तिचा विटाळ कोणाला झाला नाही. शिखर चढलं, फरशी बसली, आणि समिती आली. आयत्या बिळावर नागोबा! समितीने नियम केला : सोहळ्याच्या दिवशी तळ्याचं पाणी पाच सवाष्णींनीच न्यायचं, आणि ते पिंडीवर पडेपर्यंत विधवेने पायरी चढायची नाही.

बाबाजीची बायको मंदा नव्या स्मरणिकेतलं वाचून दाखवत होती. "सौभाग्यवती अनसूयाबाई यांनी मंदिराची पुनर्स्थापना केली..."

गोदूबाईचा हात थांबला. "कोन सौभाग्यवती?"

"उत्तमशेठ बोलले, शुभकार्याच्या पुस्तकात तो शब्द बरा दिसत नाय," बाबाजी पुटपुटला. उत्तमशेठ म्हणजे समितीचे अध्यक्ष.

"म्हंजे मेल्यावर लगीन लावलंस तिचं! नवरा कोन बगितलास?"

मंदा खो खो हसली. बाबाजीही हसला. हसण्यावारी नेलं की लाज झाकते.

"बाबाजी, मला येक लोटा घालायचाय देवाला. बाकी कायबी नको."

"बघतो ना, आय."

आपल्याकडे ‘बघतो’चा अर्थ सगळ्यांना कळतो. तिलाही कळला असावा. पण मुलगा आहे, आशा सुटत नाही.

सोहळ्याच्या सकाळी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. पाच सवाष्णी कलश घेऊन तळ्यातून वर येत होत्या, तिसरी मंदा. बाबाजी माइकवर इतिहास सांगत होता. "सौभाग्यवती अनसूयाबाईंनी सात उन्हाळे..." म्हणता म्हणता त्याला आई दिसली. धुवट लुगडं, हातात लखलखीत लोटा. तिने पायरीवर पाय टाकला होता.

"बाबाजी, आईला जरा साइडला घे ना," उत्तमशेठ कानाशी म्हणाले. "लोक बघतायत."

बाबाजीने माइक बंद केला. खाली उतरला, आईचं कोपर धरलं. "आय, पाय दुखतात ना तुझे? चल, बस इथे." त्याने तिला चपलांच्या रांगेपाशी खुर्चीवर बसवलं. तिने लोटा मांडीवर धरला. तेवढ्यात एक बाई घाईने आली, सँडल काढून तिच्या पायाशी सारत म्हणाली, "अम्मा, जरा ये सँडल देखना."

बाबाजीने ते ऐकलं. ‘ही माझी आई आहे’ असं म्हणायला किती वेळ लागतो? पण तो माइककडे वळला.

मंदा मात्र पायरीपाशी थांबली. तिने कलश खाली ठेवला.

"मंदा, उचल," बाबाजी कुजबुजला.

"तुम्हीच उचला. आईंना चपला राखायला बसवायचं आणि मी सवाष्ण म्हणून मिरवायचं? मला नाय जमणार."

"वहिनी, मुहूर्त टळतोय," उत्तमशेठ म्हणाले.

"टळू दे. उद्या हे गेले तर मलापण तिथेच बसवाल ना?"

मांडवातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या, पण जागची कोणी हलली नाही. मंदा जाऊन सासूच्या शेजारी जमिनीवर बसली. समितीला पाचवी सवाष्ण मिळायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

पाणी पिंडीवर पडलं, घंटा वाजल्या. आता विधवांना मोकळीक होती. गोदूबाई उठली. पण ती वर गेली नाही. शंभर पावलांनी चिखलवलेल्या पहिल्या पायरीवर तिने आपला लोटा ओतला, अनसूयेचं नाव पदराने पुसलं, आणि मंदाचा हात धरून घरी गेली.

त्या रात्री बाबाजी जेवला नाही. पुढच्या बैठकीत त्याने नियमाविरुद्ध तोंड उघडलं, तेव्हा त्याचं चिटणीसपद गेलं. दोन वर्षं तो दारोदार सह्या मागत फिरला. अखेर नियम रद्द झाला. त्या दिवशी तो धावतच घरी आला.

आजही रविवारी तो पहिल्या पायरीशी उभा असतो, माइकशिवाय. अनसूया विधवा होती, हे आधी सांगतो. मग चपलांच्या जागेकडे बोट दाखवतो. "इथे मी माझ्या आईला बसवलं." काही माणसं ओशाळतात, काही पोरांना घेऊन पुढे जातात. एखादी बाई विचारतेच, "आता येतात ना आजी?"

तेव्हा मान खाली घालून तो तेही सांगतो. नियम रद्द झाला त्या दिवशी गोदूबाई दारात तांदूळ निवडत होती. तो म्हणाला, "आय, चल देवळात. आता कोण अडवत नाय."

तिने मान वर केली नाही.

"तवा तरी कोनी अडवलं व्हतं, बाबाजी? माज्या कोपराला हात तर तुजाच व्हता."