मोजणीदाराचं मत

मला आमच्या चर्चच्या मंडळीत ‘पोटकलम’ म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण एकदा बायकोच्याच तोंडून निसटलं आणि कळलं की नाव घरातूनच बाहेर गेलंय. माझं दुकान नळाच्या सामानाचं. अर्ध्या इंचाचा नळ पाऊण इंचाच्या पाइपला बसत नाही, हे दिवसभर गिऱ्हाइकांना समजावायचं. त्यामुळे असेल, पण एखादी गोष्ट नियमात बसत नसली की मला चैन पडत नाही. महासभेच्या नियमांचं पुस्तक मला जवळजवळ पाठ आहे. पवित्र शास्त्राबद्दल असं सांगता आलं असतं तर जास्त बरं झालं असतं.

महासभा म्हणजे देशभरातल्या आमच्या सगळ्या मंडळ्यांच्या प्रतिनिधींची बैठक. दोन वर्षांतून एकदा भरते, तीन दिवस चालते, आणि तिथे ठरेल ते सगळ्यांवर बंधनकारक असतं. या खेपेला आमच्या अडतीस माणसांच्या मंडळीनं मला पाठवलं ते एका ठरावासाठी.

आम्हाला अकरा वर्षं स्वतःचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, नाही. शेजारच्या शहरातले पाळक तीन महिन्यांतून एकदा येतात, प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, देतात आणि दुपारच्या गाडीनं परत जातात. बाकीचं सगळं माझी थोरली बहीण बघते. ताई निवृत्त नर्स. रविवारची उपासना ती चालवते, आजाऱ्यांकडे ती जाते, कोणी गेलं तर थडग्यापाशी प्रार्थनाही तीच करते. पण प्रभुभोजनाची भाकर मोडून द्यायची ती दीक्षा झालेल्या पाळकानंच. ताईला तो अधिकार नाही.

आमच्या चर्चचं फाटक ज्यांनी घडवलं ते लोहारकाका तेव्हा अंथरुणाला खिळले होते. वय ब्याऐंशी, फुप्फुसं थकलेली, डॉक्टरांनी जेमतेम महिना सांगितलेला. त्यांनी ताईकडे एकच गोष्ट मागितली, जायच्या आधी एकदा प्रभुभोजन. पाळकांना निरोप धाडला तर त्यांचाच पाय मोडून प्लास्टरमध्ये. सात आठवडे हलता येणार नव्हतं, आणि आसपास दुसरा पाळक नव्हता.

ठराव याच अडचणीवरचा होता. पाळक नसलेल्या मंडळीनं निवडलेल्या सेवकाला प्रभुभोजन देता यावं, आणि मंजूर झाल्या दिवसापासून ते लागू व्हावं. “महासभा होऊ दे, काका, मग मी घेऊन येते,” असं ताई त्यांना सांगून बसली होती.

मला गाडीत बसवताना ती म्हणाली, “हे बघ, तिथे पुस्तक काढत बसू नकोस. काकांचं सांग, लोकांना कळेल.”

“सांगतो की. पण रीतसर सांगायला हवं,” मी म्हणालो. ताईनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

सभा एका कॉलेजच्या सभागृहात होती. जमिनीला ठोकलेल्या खुर्च्या, आणि माइक बोलणाऱ्याआधी स्वतःच शिट्टी मारायचा. पहिल्या दिवशी नव्या गीतपुस्तकाचं कव्हर निळं असावं की तपकिरी, यावर पन्नास मिनिटं काथ्याकूट झाला. त्यातली बारा मिनिटं माझी. कव्हराच्या रंगाचा विषय मुद्रण समितीचा की उपासना समितीचा, हा हरकतीचा मुद्दा मी उचलला आणि अध्यक्षबाईंनी तो मान्य केला. अध्यक्षबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, सहजासहजी कोणाला मान्य करणाऱ्या नाहीत. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. दुसऱ्या दिवशी मी आणखी तीन मुद्दे उचलले. माझ्या शेजारच्या प्रतिनिधीनं जागा बदलून घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमचा ठराव आला. धर्मशिक्षणाच्या कॉलेजातले एक प्राध्यापक विरोधात उठले. माणूस वाईट नव्हता, आवाज तर फार गोड. “आज भाकर दिली, उद्या बाप्तिस्मा देतील, परवा विचारतील की दीक्षा तरी कशाला हवी,” ते म्हणाले. बऱ्याच माना हलल्या. मग माझी पाळी. शेवटचा दिवस, वेळ कमी, म्हणून प्रत्येकाला तीनच मिनिटं. खिशात काकांबद्दल लिहिलेला कागद होता. पण उभा राहिलो आणि मला ठरावाच्या दुसऱ्या ओळीत ‘सेवक’ शब्द दिसला. त्याची व्याख्या कलम सातमध्ये एक आहे आणि कलम एकोणीसमध्ये दुसरी. आता हे सभेच्या नजरेला आणून द्यायला नको का? मी आणून दिलं. अगदी पोटकलमासकट. “तर आमच्याकडे एक लोहारकाका आहेत,” इथपर्यंत पोचलो आणि घंटा वाजली. घंटा वाजल्यावर बोलणाऱ्यांवर मी आयुष्यभर हरकत घेत आलोय. खाली बसलो.

मतदान हात वर करून. मोजायला दोन माणसं हवी होती. एक उठली महासभेच्या कार्यालयातली टायपिस्ट. ती प्रतिनिधी नव्हती, तिला मत नव्हतंच. दुसऱ्यासाठी अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून सभागृह न्याहाळलं आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली.

“काटेकोर माणूस हवा. तुम्ही येता का?”

हरभऱ्याच्या झाडावर चढायला मला शिडी लागत नाही. मी दोन खुर्च्या ओलांडून पुढे पोचलोसुद्धा. आता, मोजणीदारानं मत देऊ नये असा महासभेचा नियम आहे. चार वर्षांपूर्वी एकमतानं मंजूर झालेला. मांडणारा मी. त्या क्षणी तो आठवला नाही असं सांगितलं असतं, पण खोटं कशाला बोलू? आठवला. मला वाटलं, वारा आपल्या बाजूचा आहे, एका मतानं काय होतंय.

डावी बाजू मी मोजली, उजवी टायपिस्टनं. अनुकूल हात मोजताना माझ्या बाजूच्या शेवटच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ हात अर्धवट वर धरून बसलेले दिसले. दुसरा कोणी असता तर मोजून पुढे गेला असता. मी जवळ जाऊन विचारलं, “आपण अनुकूल आहात का?”

“नाही हो, कान खाजवतोय,” ते म्हणाले. “मी तटस्थ.”

मी त्यांना वगळलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मग दोघांच्या बेरजा जुळवल्या. अनुकूल एकशे बारा, प्रतिकूल एकशे बारा. पुन्हा मोजलं. तेवढेच. समसमान मतं पडली की ठराव पडतो आणि अध्यक्षांना जादा मत नाही, हे पुस्तकात कोणत्या पानावर आहे ते मला विचारा. मी अध्यक्षबाईंच्या हातात कागद दिला. स्वतःच्या पायावर धोंडा सगळेच कधी ना कधी मारून घेतात. मी तो आधी मापून, तपासून घेतला होता.

जेवणाच्या सुट्टीआधी अध्यक्षबाईंनी मोजणीच्या काटेकोरपणाबद्दल आमच्या आभाराचा ठराव मांडला. त्या दिवशी एकमतानं मंजूर झालेला तेवढा एकच.

घरी पोचलो तेव्हा ताई दारातच होती. मी आकडे सांगितले.

“म्हणजे एका मतानं गेलं?”

“हो.”

“मग तुझं कुठे होतं?”

मी सांगितलं. ताई आरडाओरडा करणाऱ्यांतली नाही. तिनं पायात चपला घातल्या आणि म्हणाली, “चल. काकांना तू सांगायचंस. माझ्यानं नाही होणार.”

काका उशांना टेकून बसले होते. आम्ही आत शिरलो तसं त्यांनी आधी ताईच्या हाताकडे पाहिलं. हात रिकामा होता. मग माझ्याकडे पाहिलं. मी पलंगाशी उभा राहून सगळं सांगितलं, या वेळी एकही कलम न घालता. ते डोळे मिटून ऐकत होते.

“मोजताना चूक नाही ना झाली?” त्यांनी विचारलं.

“नाही काका. दोनदा मोजलं.”

“मग तू तरी काय करणार? नियमच तसा असेल तर.”

इथे गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण मला ते सोसवेना. “काका, तो नियम मीच आणला होता,” मी म्हणालो.

त्यांनी डोळे उघडले. दम लागत होता, एकेक शब्द वेगळा येत होता. “का? कोणी लबाडी केली होती?”

चार वर्षांपूर्वी दोनशे माणसांपुढे मी यावर अर्धा तास बोललो होतो. आता आठवून आठवून पाहिलं. “नाही,” मी म्हणालो. “कोणीच नव्हती केली.”

काका त्यानंतर नऊ दिवस जगले. पाळकांचं प्लास्टर निघायला अजून महिना होता. त्या दिवशी मात्र ते मला रागाचा एक शब्दही बोलले नाहीत, आणि बोलले असते तर मला किती बरं वाटलं असतं. ताईनं ओल्या कापसानं त्यांचे ओठ पुसले आणि स्तोत्र वाचायला घेतलं. मला रडू आवरेना. लहान मुलासारखा, नाक ओढत, पलंगाच्या पायथ्याशी मी रडत उभा राहिलो. ताई वाचायची थांबली नाही. काकांनी हात जरासा उचलून तिला थांबवलं.

“त्याला खुर्ची दे गं,” ते म्हणाले. “केव्हाचा उभा आहे.”