सुबाभळीचा पाला

सिदूनं मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला आणि मूठभर लोकर अलगद त्याच्या हातात आली. ती त्यानं वीरप्पा मास्तरांसमोर ओट्यावर ठेवली. मेंढीच्या पाठीवर नुसतं गुलाबी कातडं उरलं होतं.

"साठच्या साठ मेंढरं अशीच हाईत," तो म्हणाला. "म्या शेण खाल्लं, मास्तर. दुपारचं गाव निजल्यावर डोंगरावरचा पाला तोडला. धा दिस रोज तोडला. भंडारा उचलून शबूद दिलता, त्यो मोडला. बिरोबानं दावलं."

सिदूच्या मागं त्याची बायको हरणाबाई मेंढीचा कान धरून उभी होती.

डोंगर राखण मंडळाला शहाऐंशी साली सात वर्षं झाली होती. बहात्तरच्या दुष्काळात गावानं त्या डोंगरावर चर खणले होते, ते पुढं बुजून गेले. मास्तरांनी माणसं गोळा करून ते पुन्हा उकरले, काठानं सुबाभूळ लावली आणि बायांनी डोक्यावर घागरी वाहून ती जगवली. मग ठराव झाले, चराईबंदीची पाटी लागली. पाटीचं लाकूड पहिल्याच महिन्यात कुणाच्या तरी चुलीत गेलं. कागदाला कोण भितं? शेवटी मास्तरांनीच सगळ्या गावाला बिरोबाच्या देवळात नेऊन हळदीचा भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली: डोंगरावर कुऱ्हाड नाही, विळा नाही, जनावर नाही. देव धनगरांचा होता, मास्तरांच्या घरचा नव्हता आणि त्यांचा नवससायासांवर विश्वासही नव्हता, पण उपाय लागू पडला. आता पाऊस सलग दुसऱ्या वर्षी हुकला होता आणि सगळ्या शिवारात तेवढा डोंगर हिरवा होता.

लोकर का झडली, हे मास्तरांना माहीत होतं. उन्हाळ्यातच जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, सुबाभूळ मेंढरांना पोटभर घालू नका, लोकर जाते. पाला बंद केला की पुन्हा येते. हे मंडळाच्या बैठकीत सांगायचं राहून गेलं, असं मास्तर स्वतःला सांगत आले होते. पण ते राहून गेलं नव्हतं. झाडाला नाव ठेवलं की लोकांना तोडायला निमित्तच हवं असतं, म्हणून त्यांनी ते पोटात ठेवलं होतं.

"मेंढरं इकून टाकतो," सिदू म्हणाला. "माज्या हातात ऱ्हावीत आसं देवालाच वाटंना. बाजारात कसाई उभाच हाय."

"जरा थांबा की," हरणाबाई नवऱ्याला म्हणाली आणि मास्तरांकडं वळली. "मास्तर, तुमी शिकलेलं माणूस. ह्यो पाल्याचा गुण तर न्हाय?"

गल्लीतली चार माणसं थांबून ऐकत होती. त्यांच्या दावणीला मेंढरं नव्हती, उपाशी बैल होते. देव कोपला नाही एवढं कळलं असतं, तर संध्याकाळच्या आत सारं गाव विळे घेऊन वर चढलं असतं. एका वाक्यात सिदूचा कळप वाचत होता आणि त्याच वाक्यात डोंगर जात होता. मास्तरांनी ओट्यावरची लोकर उचलली, बोटांत चोळली, परत ठेवली.

"पाल्यात काय असतंय, हरणाबाई," ते म्हणाले. "झाडाचा पाला तो."

त्यांना स्वतःची लाज वाटली. हरणाबाई थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं मेंढी वळवली.

सोमवारच्या बाजारात कळप गेला. पडत्या भावानं गेला, असल्या अंगाची मेंढरं कोण पाळायला नेणार? हरणाबाई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. मास्तरांच्या दारावरून जाताना ती पदर पुढं ओढून घ्यायची. सिदू मात्र काठी घेऊन डोंगराच्या पायथ्याशी येऊन बसला. मंडळानं त्याला नेमलं नव्हतं. पाप फेडायचं आहे म्हणाला. येईल त्याला तो आपली गोष्ट सांगायचा. त्या वर्षी डोंगरावरची एक फांदी तुटली नाही.

पाऊस झाल्यावर लोहाऱ्याकडची काही माणसं जीप करून डोंगर बघायला आली. त्यांनाही आपल्या गावात असंच मंडळ काढायचं होतं.

"दुष्काळात राखला कसा वो?" त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं.

मास्तर उत्तर द्यायच्या आत सिदूनं सुरुवात केली. पाला, भंडारा, उघडी पडलेली साठ मेंढरं, सगळं त्यानं सांगितलं. काही झाकलं नाही.

"इचारा मास्तरांना," तो शेवटी म्हणाला. "खोटं असंल तर त्ये सांगतेल."

पाहुण्यांनी मास्तरांकडं पाहिलं.

"खरं हाय," मास्तर म्हणाले.

सिदूनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला.