सोडलेली जागा

नवरा होता तेव्हा गायिका येणाऱ्याजाणाऱ्याला कोपऱ्याकडे बोट दाखवून सांगायची, "ही माझी सवत." म्हणजे त्याचा डबल बास, व्हायोलिनच्या घराण्यातलं ते खर्जातलं वाद्य. माणसाहून उंच, पोटाने घेरदार. हिची तार तुटली तर ह्यांना जेवण जात नाही, मला ताप आला की म्हणतात गोळी घे, अशी तिची तक्रार. त्यावर तो म्हणे, ती निदान उलटून बोलत नाही.

तो गेल्यावर तिने शेवटचा अल्बम करायला घेतला. लोकगीताच्या साध्या चाली, सोबतीला जॅझ. स्टुडिओ म्हणजे घरातलीच मागची खोली, भिंतींना रजया टांगलेली. रेकॉर्डिंग नणंदेचा चाळिशीतला मुलगा करत होता. राहिलं होतं एकच गाणं. त्याची साथ नवऱ्याने आजारपणातच वाजवून ठेवली होती; तेव्हा हिचा घसा बसला होता. तुझी जागा सोडलीय, नंतर गा, म्हणाला होता.

त्या गाण्याच्या सुरुवातीला ताल नव्हता. बास मनाला येईल तसा रेंगाळायचा आणि गाणं कधी उचलायचं ते फक्त त्यालाच ठाऊक. ही कायमची उशिरा येणारी, म्हणून तो आधी हलकेच "हं" म्हणायचा. त्यावरून भांडणं व्हायची. मी काय बैल आहे हाकायला, असं ती विचारायची, आणि त्याच "हं"वर बिनचूक सूर लावायची.

हेडफोन लावून ती बसली. बास सुरू झाला, रेंगाळला, पुढे निघून गेला. ती वाट बघत राहिली. पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

"अरे, ह्यांचा हं कुठंय?"

"कसला हं, मामी?"

मग उलगडा झाला. भाच्याने मायेने सगळी साफसफाई केली होती. खुर्चीची करकर काढली, श्वास काढला आणि एक कण्हल्यासारखा आवाजही पुसून टाकला. मामाचं दुखणं मामीच्या कानावर पडू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. मूळ रेकॉर्डिंग वेगळं ठेवलं नव्हतं. हे सगळं मायेपोटीच, त्यामुळे तिला धड रागावताही येईना.

मी हाताने खूण करतो, तो म्हणाला.

"तुला काय ठाऊक कधी ते? लाव परत."

बास रेंगाळला. आता, असं वाटलं तिथे तिनेच हलकेच "हं" म्हटलं, अगदी त्याच्यासारखं. आणि थांबली, गाणारीची, म्हणजे स्वतःचीच, वाट बघत. गाणारी आलीच नाही. बास तिच्यासाठी सोडलेल्या जागा रिकाम्या ठेवत एकटाच शेवटापर्यंत गेला.

भाच्याने विचारलं, परत घेऊ या?

"नको. आहे तसंच राहू दे. माझा हंसुद्धा पुसू नकोस."

मग तिने खुर्ची ओढत सवतीपाशी नेली आणि तिच्या पोटाला डोकं टेकून बसली.