खडू चुकणाऱ्याच्या हातात

तपासनीस साहेब वर्गात शिरले आणि बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. सहा महिने त्या तात्पुरत्या होत्या. आज साहेबांनी 'समाधानकारक' लिहिलं तर नोकरी कायम, नाहीतर सोमवारपासून घरी. घरी आई रागवायची नाही, फक्त भांडी जरा जोरात ठेवायची. आणि भांडी भरपूर होती.

मुख्याध्यापकांनी दारातच काडी टाकली होती. "पोरं चुकली तरी या गोड बोलतात, साहेब. पाठ थोपटून गणित येतं होय?"

साहेबांना एवढं पुरलं. बसायच्या आधीच त्यांनी कागदाचे चार रकाने भरले: शाळा, तारीख, विषय, शेरा. शेरा होता 'असमाधानकारक'. बाईंना तो उलटा दिसत होता, पण असला शब्द उलटाही वाचता येतो.

"सही जाताना करतो," साहेब म्हणाले आणि खडू उचलून फळ्याकडे वळले. "बघा रे, गणित कसं चटकन सोडवायचं!"

२००४ वजा ८६७. खडू टकटक वाजला. उत्तर: ११४७.

बाईंना चूक लगेच दिसली. दशकातलं शून्य हातचा घेऊन दहा आणि एककाला देऊन नऊ झालं होतं, साहेबांनी त्याला दहावरच ठेवलं होतं. दशकात तीन हवे होते, बसले होते चार. बाईंनी मनात हात जोडले: पोरांनो, आज जरा बिनडोक व्हा.

पण या वर्गाचा एक नियम होता. चुकणाऱ्याच्या हातातून खडू घ्यायचा नाही. त्याचं बरोबर काय आलंय ते आधी सांगायचं, चूक त्याची त्यानेच हुडकायची. सापडली की सगळ्यांनी बाकावर दोन टिचक्या मारायच्या. टाळ्या नाहीत, कारण शेजारच्या वर्गात गुरुजी झोपलेले असत.

साहेब खडू ठेवायला गेले, तोच पहिल्या बाकावरून नळ उठली. गेल्या वर्षी फळ्याजवळ नेलं की तिचे डोळे वाहायला लागत, म्हणून आधीच्या सरांनी हे नाव चिकटवलं होतं. बाईंनी तिला एकदाच सांगितलं होतं, "तुझा सात किती सुबक येतो गं!" तेव्हापासून ती कुठल्याही गणितात आधी सात शोधायची.

"साहेब, खडू राहू द्या हातात," नळ म्हणाली. "तुमचा सात फार सुबक आलाय."

"म्हणजे?"

"चारातले तीन आकडे अगदी बरोबर आहेत."

मुख्याध्यापकांचा चेहरा दुधीसारखा झाला. बाईंनी टेबलाची कड धरली.

"चौथा कुठला?" साहेब गुरगुरले.

"ते तुम्हाला सापडेल की! आम्हाला घाई नाही."

पस्तीस पोरं थांबली. कोणी हसलं नाही, कोणी खाली बघितलं नाही. सगळी साहेबांकडे अशी बघत होती, जणू त्यांच्याकडून फार आशा आहे. साहेबांच्या कानामागून घामाचा ओघळ निघाला आणि कॉलरमध्ये गडप झाला. त्यांनी बोटं मोजली. पुटपुटले. मग हळूच तळहाताने चार पुसून तिथे तीन लिहिला.

टक् टक्. सगळी बाकं एकदम वाजली.

साहेब दचकले. मग त्यांनी तो तीन पुन्हा एकदा गिरवला. गरज नव्हती, उगाच.

टेबलाशी येऊन त्यांनी सहीसाठी कागद ओढला. नळ अजून उभीच होती. मान लांब करून तिने कागद वाचला. बाईंनी डोळे वटारले, पण उशीर झाला होता.

"साहेब," ती हळू आवाजात, धीर देत म्हणाली, "चारातले तीन रकाने अगदी बरोबर आहेत."

मुख्याध्यापक "ए!" म्हणून पुढे सरसावले. साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. ते कागदाकडे बघत राहिले. बाईंना घरातली भांडी ऐकू येऊ लागली.

पेनाचं टोपण निघालं. शेऱ्याच्या रकान्यात साहेबांनी पहिल्या अक्षरावर एक आडवी रेघ मारली, बाजूला सही केली.

टक् टक्.

यावेळी एक आवाज टेबलाच्या कडेवरून आला. तो बाईंचा होता.