रिकाम्या सीटचा पट्टा

अंगद खोटं बोलला, आणि तेही पिंडापुढं. एरवी जालन्यातल्या त्याच्या बियाण्याच्या धंद्यात माणूस दिवसाला चार थापा मारतो, त्या कोणी मनावर घेत नाही. पण गोदाकाठी, दहाव्याच्या दिवशी, गेलेल्या माणसाला दिलेला शब्द म्हणजे पोरखेळ नव्हे. हे अंगदला ठाऊक नव्हतं असं म्हणावं, तर तो काही विलायतेत वाढला नव्हता. बदनापूरच्या शेतकऱ्याचं पोर ते. सगळं ठाऊक असून बोलला.

गेला होता त्याचा मामेभाऊ करण. अंकुशनगरच्या अलीकडं त्याचं गाव. चाळिशी नुकतीच ओलांडलेली. मोसंबीला पाणी सोडता सोडता छातीवर हात ठेवून बांधावर बसला, तो बसल्या जागीच संपला. त्याच्या दहाव्याला नदीकाठी ही गर्दी. पिंड मांडले, सगळे मागं सरकले, आणि समोरच्या बाभळीवरचे कावळे जागचे हलेनात.

करणची बायको वर्षाराणी पुढं झाली. "शीतलला तिच्या मनासारखं शिकवते, काळजी करू नका," म्हणाली. कावळ्यांनी मान वळवली नाही. आई साखराबाई म्हणाली, "गोळ्या वेळेवर घेईन रे राजा, जेवीन बराबर." एक कावळा उडाला अन् दुसऱ्या फांदीवर जाऊन बसला. ऊन चढलं. गुरुजींनी कंटाळून दर्भाचा कावळा करायला घेतला, तशी म्हातारी कळवळली. "नका हो महाराज, गवताच्या कावळ्यानं माझं लेकरू उपाशी जाईल."

तेव्हा मागून कोणीतरी अंगदला कोपरखळी दिली. "दाजी, तुमच्यातच काहीतरी अडकलंय बघा."

अडकलं होतंच. त्या दोघांचं भांडण पंचक्रोशीला पाठ होतं. करणकडं लाल रंगाची दोन सिटांची, टप उघडणारी जुनी गाडी होती. हैदराबादहून हौसेनं आणलेली. इतकी बुटकी की गावातली माणसं विचारायची, "ही बसायची गाडी हाय का झोपायची?" अंगदची करडी, नवी, पाचशे घोड्यांची. पायानं नुसतं दाबायचं, बाकी सगळं गाडी बघून घेणार. अंगद आकडे सांगायचा, शून्यातून शंभरावर किती सेकंदांत जाते ते. करण हसायचा. "आकडे मोंढ्याच्या बाजारात बघायचे, अंग्या. गाडी कमरंला कळती. तुह्याजवळ पाचशे घोडे हायेत खरं, पण तू टांग्यात झोपलेला."

दर रविवारी अंबडच्या फाट्यावर चहा आणि हे भांडण. मग करण अंगदच्या गाडीत बसायचा आणि मुद्दाम पट्टा लावायचा नाही. गाडी कोकलायची, टिंग टिंग टिंग. अंगद खेकसायचा. करण म्हणायचा, "वाजू दे. तुह्या गाडीत तेवढंच गाणं हाय." आणि वेग वाढला की, "हळू घे ना भाऊ. चव तर घे." करण 'एकदा बस' म्हणून मागं लागायचा, पण अंगदनं त्याच्या गाडीत कधी पाय ठेवला नाही. "तुह्या खेळण्यात माझे गुडघे मावत न्हाईत," एवढंच उत्तर. इतक्या वर्षांत एकदाही नाही. हट्टाला काय म्हणावं!

तर त्या दिवशी अंगद पिंडापुढं गेला, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "करण्या, हरलो बाबा. तुहीच गाडी भारी. मी चालवीन ती. जा आता सुखानं."

शब्द संपायला आणि कावळा झडप घालायला एकच गाठ पडली. माणसं रडता रडता हसली. मेल्यावरही जिंकला म्हणाली. फक्त अंगदला आतून माहीत होतं की आपण हे मामीची तगमग बघवेना म्हणून बोललो. आपलं मत तिळभर बदललेलं नाही. खटारा ती खटाराच.

पुढच्या रविवारी तो एकटाच महामार्गावर चढला. घरात बसवेना, फाट्यावर चहा पिववेना, मग जाणार कुठं? भर दुपार, रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना कपाशी. त्यानं पाय दाबला. गाडी उसळली, आणि वाजायला लागलं, टिंग टिंग टिंग.

समोर काचेखाली लाल दिवा लागला होता. डाव्या सीटवर माणूस बसलाय, पट्टा लावलेला नाही.

डावी सीट रिकामी होती. ना पिशवी, ना पाण्याची बाटली. अंगदनं दोनदा वळून बघितलं. पाय सैल पडला, वेग उतरला, तसं वाजणंही थांबलं. पुन्हा दाबला, पुन्हा टिंग टिंग. कोणीतरी बाजूला बसून "हळू घे" म्हणावं, तसंच.

संभाजीनगरच्या मिस्त्रीनं सीट उचकटून बघितली, वायर बदलली, संगणक लावला. "सगळं ओके हाय साहेब." परतीच्या वाटेवर बदनापूर यायच्या आत पुन्हा वाजलं. शेवटी अंगदनं डावीकडचा पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवरून नेऊन खटकन अडकवला. शांत. तेव्हापासून तो पट्टा तसाच लावलेला असायचा, आत कोणी बांधून ठेवल्यासारखा.

त्याची बायको वंदना एकदाच त्या सीटवर बसली. अर्ध्या वाटेत म्हणाली, "गाडी थांबवा, मी मागं बसते."

"काहून?"

"सीट गरम लागून राह्यली. आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी."

अंगद हसला नाही. कुठल्या तोंडानं हसणार? लोकांसमोर तो म्हणायचा, यंत्र हाय, बिघडतं कधीमधी. पण एकटा असला की पट्ट्याकडं तिरप्या डोळ्यानं बघत बोलायचा. आधी नुसता दम, "गप बस." पुढं पुढं सरळ वाद. "वळणावर बघ कशी चिकटून जाती, बघितलं? हाय का तुह्या खेळण्यात दम?" कधी कधी तर भांडण रंगात यावं म्हणून तो पट्टा स्वतःच सोडायचा, टिंग टिंग वाजू द्यायचा आणि मोठ्यानं शिव्या घालायचा. भीती वाटत होती, तरी रविवार उजाडला की चावी हातात असायची. हे काय चाललंय, असं त्यानं स्वतःला विचारलं नाही. माणूस नको ते प्रश्न बरोबर टाळतो.

ऊसतोड सुरू झाली आणि मामीचा फोन आला. एरवी ती फोनवर ओरडून बोलायची. त्या दिवशी आवाज खोल होता.

"अंगद, करण सपनात येऊन राह्यला रे. रोज. उंबऱ्याच्या भाहेर उभा असतो, पायात चप्पल घालून. आत ये म्हनलं तर येत न्हाई, जा म्हनलं तर जात न्हाई."

"मनाचे खेळ असतेत, मामी."

"मनाचे म्हन का कशाचे म्हन. तू शब्द दिल्ता पिंडाम्होरं. चालवली का गाडी?"

अंगदनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"शब्द खोटा पडला की जीव दारात अडकतो, बाळा. माझ्या पोराला अडकवू नको. तुह्या पाया पडते."

मामीनं पाया पडते म्हणावं! लहानपणी सुट्टीत हिच्याच हातची भाकर खाऊन तो वाढला होता. अंगदला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी जेवणं आटोपून तो करणच्या गावी पोचला.

वर्षाराणीनं शेडचं दार उघडलं. गाडीवर जुनी सतरंजी होती, ती ओढून काढली. "आठवड्याला चालू करून ठेवते, भाऊजी," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं न्हवतं, पन आवाज आयकला की बरं वाटतं." चावी देताना तिनं क्षणभर मूठ मिटून धरली, मग सोडली.

गुडघे मावले. इतक्या वर्षांची थाप एवढ्या लवकर उघडी पडेल असं अंगदला वाटलं नव्हतं. सीट जमिनीला टेकल्यागत खाली होती, गिअरचा दांडा गुळगुळीत झिजलेला, आणि झिजलेली जागा नेमकी करणच्या तळव्याची. अंगदनं तिथं हात ठेवला. मनात ठरवलं, वेशीपर्यंत न्यायची, वळवायची, शब्द फिटला.

तो कालव्याच्या रस्त्याला लागला. टप उघडा. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. प्रत्येक गिअर टाकताना दांडा असा खटका द्यायचा की जणू हातानं हाताला टाळी द्यावी. काटा साठावरच होता. साठ! त्याच्या गाडीत साठाला झोप यायची. इथं साठाला वारा कानात ओरडत होता, साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास नाकात शिरत होता, रस्त्यावरचा खडा न् खडा तळहाताला सांगून जात होता. पहिलं वळण आलं. त्यानं भीत भीत चाक फिरवलं आणि गाडी अशी वळली की जणू तिला आधीच ठाऊक होतं याला कुठं जायचंय. दुसरं वळण त्यानं मुद्दाम जोरात घेतलं. तिसऱ्याला त्याच्या तोंडून "आयला!" निघालं.

समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरनं लाल गाडी बघितली, सवयीनं हात उंचावला आणि आत भलताच माणूस दिसल्यावर तो हात तसाच हवेत राहिला. अंगदनं हॉर्न वाजवला. तो हसत होता. वेडा, अगदी वेडा झाला होता. वेस कधी मागं पडली कळलं नाही, कालवा संपला, बागा लागल्या, तरी पाय निघेना. असं गाडी चालवणं त्याला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं तो नुसता लवकर पोचत आला होता.

आणि तो मोठ्यानं ओरडला, मनापासून, देठापासून, "करण्या, मानलं तुला! तुहीच खरी! तुहीच गाडी खरी, लेका!"

बोलता बोलता त्यानं डावीकडं बघितलं.

सीट रिकामी होती. त्यात नवल काय, म्हणाल. पण अंगद गेले कित्येक आठवडे आपल्या गाडीतल्या रिकाम्या सीटकडं बघत आला होता आणि ती कधीच अशी रिकामी नव्हती. आता मात्र तिथं फक्त फाटकं कव्हर होतं आणि ऊन होतं. त्यानं गाडी हळू करत कडेला थांबवली. वाट बघितली. मोसंबीच्या झाडांतून होले घुमत होते, दुसरं काही नाही. "एकदा बस" म्हणून हा माणूस मागं लागला होता, वर्षानुवर्षं लागला होता, आणि आपण बसलो ते तो नसताना. अंगदनं चाकावर डोकं टेकलं.

परत आला तर साखराबाई अंगणात बाजेवर बसली होती. चेहरा धुतल्यासारखा निवळलेला.

"आत्ता घडीभर डोळा लागल्ता," ती म्हणाली. "करण आल्ता. हसला अन् गेला. मागं वळून बघितलं बी न्हाई. सुटला रे माझा लेक, तुझ्यामुळं सुटला." तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली.

वर्षाराणी पदराआड रडत होती, पण तेही मोकळं रडणं होतं. "च्या ठेवते, भाऊजी."

"नको," अंगद म्हणाला. "जल्दी हाय."

कसली जल्दी? तो स्वतःच्या गाडीत बसला आणि जालना येईपर्यंत कुठं थांबला नाही. घराकडं न वळता सरळ महामार्गावर चढला. उन्हं अजून होती. त्यानं हात लांब करून डावीकडचा पट्टा सोडला. पट्टा सुर्रकन आत गेला.

पाय दाबला. शंभर. एकशे वीस. गाडी गप्प. अंगदनं कान टवकारले.

"खटारा हाय तुही गाडी," तो म्हणाला. आवाज चिरका निघाला. "मगाशी उगंच बोललो मी. आयकून राह्यला का? खटारा. काही दम न्हाई तिच्यात. बिलकुल न्हाई."

गाडीत एवढी शांतता की टायरचा आवाज ऐकू यावा.

"भांड ना रे. करण्या, भांड की."

एकशे चाळीस. दिवा लागला नाही. अंगदला पुढचा रस्ता दिसेना, म्हणून त्यानं पाय काढला, गाडी कडेला घेतली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिला. थोड्या वेळानं गस्तीची गाडी मागं येऊन थांबली. एक शिपाई काचेशी वाकला.

"इथं थांबता येत न्हाई साहेब. गाडीला काही झालं का?"

"न्हाई," अंगद म्हणाला. "गाडी चांगली हाय."

"मंग?"

अंगदनं डाव्या सीटवर तळवा ठेवला. सीट गार होती.

"भाऊ वारला माझा," तो म्हणाला, आणि करण गेल्यापासून पहिल्यांदा हमसून हमसून रडायला लागला.