डाव्या पायाची रेघ

मेकाँग नदी मुखाशी, आमच्या गावापाशी, दरवर्षी इतका गाळ आणून टाकते, की लग्न होऊन आले तेव्हा दाराशी असलेला समुद्र आता ओहोटीला पार कोसभर लांब जातो. त्या गाळात चालणारा मांडीपर्यंत रुततो, म्हणून आमचे पुरुष फळीवर एक गुडघा टेकतात, दुसऱ्या पायानं रेटा देतात आणि निवट्या, म्हणजे गाळावर उड्या मारणारे मासे, पकडत हिंडतात. आमचे हे, लुओम, डाव्या पायानं रेटायचे. अख्ख्या गावात एकटेच. तिरसटपणाही काही कमी नव्हता. भात जरा मऊ झाला की वाडगा भिरकावायचे.

मागच्या महिन्यात गेले, ते भरती आली तरी परतले नाहीत. मी रडले, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी दुपारी टोपलीभर निवट्या घेऊन हसत हजर!

तेव्हापासून आमचा संसार म्हणजे नुसती मजा. कारल्याच्या वासानं उठून जाणारा माणूस आता कारल्याचं कालवण मागून घेतो, वर माझे पाय चेपून देतो. शेजारची न्यान मावशी म्हणाली, "थामबाई, काय पाजलंस गं नवऱ्याला? आमच्या म्हाताऱ्यालाही दे की थोडं." मी चक्क लाजले, या वयात.

मग एकदा तीच म्हणाली, "हल्ली उजव्या पायानं रेटतो गं तो."

"डावा दुखत असेल," मी म्हटलं आणि विषय बदलला.

परवा लांब गाळात फळीची एक रेघ दिसली, कडेला डाव्या पावलाचे ठसे. भरती दोनदा येऊन सगळं सपाट करून गेली, रेघ तशीच; उलट घराकडे वाढलेली. काल ती किनाऱ्यावरच्या तिवरांच्या झाडांपाशी पोचली. नको हो, आता नको. बावीस वर्षं सोसलं, एवढं महिनाभराचं सुख तरी राहू दे.

आज भर दुपारी जेवायला बसलो, तर खांबांवरच्या आमच्या घराखाली फळी आपटली. खालून ओळखीचं खेकसणं आलं, "थाम, दार उघड."

मी ह्यांच्या वाडग्यात आणखी भात वाढला. मग बसल्या जागेवरूनच विचारलं, "कोण पाहिजे? आमचे हे जेवतायत."

ह्यांनी मान वर केली नाही, नुसता माझा हात धरला. ह्यांच्या बोटांमधून गार गाळ ओघळत होता, तरी मी तो हात सोडला नाही.